तारेवर उरलेला वायसर

गॅसच्या एजन्सीत काकांना सगळे ‘आमेन’ म्हणत.

वर्षाच्या सुरुवातीला मालकांनी सगळ्या कामगारांना उभं करून भाषण दिलं होतं. ‘या वर्षी एकही तक्रार येता कामा नये,’ असं म्हणून ते दम घ्यायला थांबले, आणि मागून कोणीतरी, प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तसं, सवयीने ‘आमेन’ म्हणालं. ते काका होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. मालकांना वाटलं, चेष्टा केली. बाकीच्यांना हसू आवरेना. नाव चिकटलं ते चिकटलंच. काकांना त्याचा राग नव्हता. ‘याहून वाईट शब्द चिकटला असता,’ म्हणायचे.

मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात पदवी घेतली आहे आणि नोकरी शोधते आहे. काका मला लेखिकाबाई म्हणतात. मी अजून काही लिहिलेलं नाही. हे पहिलं.

काका ख्रिस्ती आहेत. मी नाही. दोन वर्षांत त्यांनी मला धर्माबद्दल एक शब्द सांगितला नाही. रविवारी सकाळी ते आणि काकू इस्त्रीचे कपडे घालून चर्चला जातात, जाताना मला दूध तापवायला सांगतात. एवढंच.

त्यांचं काम घरोघरी जाऊन शेगड्या दुरुस्त करायचं. सिलिंडरच्या तोंडात एक रबरी वायसर असतो. तो जुना झाला की चिरतो आणि गॅस गळतो. काका तो बदलतात. मग जोडावर साबणाचा फेस लावतात आणि बघत बसतात. बुडबुडा फुगला तर गळती आहे. नाही फुगला तर काम झालं.

त्यांची एक पद्धत होती, जी एजन्सीत दुसऱ्या कोणाची नव्हती. सकाळी जितकी घरं, तितके नवे वायसर ते एका बारीक तारेत ओवून खिशात ठेवत. काढलेले जुने एका पत्र्याच्या डबीत टाकत. संध्याकाळी घरी आले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही रिकामं करत. डबीत जितके जुने, तितके तारेवरून गेलेले असायला हवेत. बाकीचे हसायचे.

‘आमेन, जपमाळ काढलीस का रे?’

‘हो,’ काका म्हणायचे, ‘आज सात मण्यांची.’

त्या गुरुवारी मी इस्त्री परत द्यायला खाली आले. साडेपाच वाजले होते. काका टेबलाशी बसले होते. काकू चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी होती. टेबलावर जुने वायसर ओळीने मांडले होते. नऊ. शेजारी तार. तारेवर एक.

‘दहा ओवले असतील तुम्ही,’ काकू म्हणाली.

‘नऊ घरं होती. नऊ ओवले.’

‘माणूस मोजताना चुकतो.’

‘चुकतो. पण मोजतानाच चुकलो असं धरून चहा प्यायचा का?’

मला कळायला थोडा वेळ लागला. नऊ घरांतून जुने वायसर निघाले होते. आठ घरांत नवे गेले होते. एका घरात सिलिंडरच्या तोंडात काहीच नव्हतं. आणि सात वाजले की घराघरांत शेगड्या पेटतात.

‘तुम्ही फेस लावून बघता ना?’ मी विचारलं.

काका माझ्याकडे न बघता बोलले. सकाळच्या पाच घरी लावला होता, ते पक्कं होतं. दुपारी मालकांचे फोन सुरू झाले. दोन माणसं कामाला आली नव्हती. ‘फेस राहू दे आमेन, पुढच्या घरी पळ.’ शेवटच्या चार घरांत कुठे लावला, कुठे नाही, त्यांना आठवत नव्हतं.

ग्राहकांचे नंबर एजन्सीच्या वहीत होते आणि एजन्सी पाचला बंद झाली होती. काकांनी मालकांना तीनदा फोन लावला. पाचनंतर मालक फोन उचलत नाहीत.

‘कार्ड जाईल,’ काकू म्हणाली. हळूच, जणू कोणी ऐकेल.

दोन महिन्यांपूर्वी काकांनी एका ग्राहकाला सांगितलं होतं की एजन्सीतली नवी नळी घेऊ नका, ती लवकर तडकते. ते मालकांच्या कानावर गेलं. तेव्हा मालकांनी बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली की फिटरचं कार्ड जमा करायचं. कार्डाशिवाय गॅसला हात लावता येत नाही. काकांना दुसरं काम येत नाही. वय चोपन्न.

‘आधी प्रार्थना करू,’ काकू म्हणाली.

‘तू कर. मी चपला घालतो.’

मी गाडीची किल्ली आणायला वर धावले.

पहिलं घर शिंप्याचं. त्याच्या बायकोने शेगडी पेटवलेलीच होती. काका दारातूनच म्हणाले, ‘वहिनी, बंद करा. आधी बंद करा.’ मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपारी एका घरात वायसर बसवायचा राहिला, कुठल्या ते आठवत नाही, तुमचं बघू द्या.

शिंपी गळ्यात टेप अडकवून मागे उभा राहिला. ‘माझंही होतं हो असं. एखादं बटण राहून जातं.’ मग थोड्या वेळाने, ‘पण शर्ट पेट घेत नाही म्हणा.’

काकांनी फेस लावला. आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. बुडबुडा आला नाही.

निघताना शिंपी म्हणाला, ‘मालकांच्या कानावर घालायला हवं पण. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी व्हायला नको.’ त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. ते खरंच होतं.

‘घाला,’ काका म्हणाले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. एरवी ते धरत नाहीत.

गाडीवर ते माझ्या मागे बसले. हत्यारांची पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. चार घरं. चारही घरी असं सांगितलं तर चार तक्रारी.

दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर. चित्रकलेच्या शिकवण्या घेणाऱ्या एक बाई तिथे एकट्या राहतात. त्यांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. काकांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले.

‘एजन्सीकडून आलोय. नेहमीची तपासणी.’

‘अहो, दुपारीच तर करून गेले हे! मला आता बाहेर जायचंय. उद्या या.’

‘दोनच मिनिटं...’

‘उद्या.’

दार बंद झालं. मी काकांकडे पाहिलं. त्यांचं तोंड अजून उघडं होतं. मग त्यांनी ते मिटलं.

‘पुन्हा बेल दाबू?’ मी विचारलं.

ते दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘इथे फेस लावला होता, बहुतेक.’

कामाच्या बाबतीत ‘बहुतेक’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो मला तिथेच खटकला. तरी मी जिना उतरले. तेही उतरले.

तिसऱ्या घरी सासू आणि सून दोघी ओट्याशी होत्या. इथे काका स्वतः बोलले, आणि सगळं खरं बोलले. सून घाबरून मागे सरकली. सासू अजिबात घाबरली नाही.

‘गळत असतं तर वास आला नसता होय?’

‘यांना तर आधी आला असता,’ सून म्हणाली. ‘शेजारच्या घरात दूध उतू गेलं की आमच्या सासूबाई इथून ओरडतात.’

‘देवाने नाक दिलंय ते काय नथीसाठी?’

मी हसले. काका फेसाचा ब्रश हातात धरून थांबले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

‘आजोबा,’ ते म्हणाले.

चौथ्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत होते. दुपारी बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं, गेल्या वर्षीच्या आजारपणापासून मला कशाचाच वास येत नाही. काका ते ऐकून ‘अरेरे’ म्हणाले होते आणि पुढच्या कामाला लागले होते.

सासू-सुनेच्या शेगडीला बुडबुडा नव्हता. ते बघितलं आणि आम्ही पळालो. सासू मागून विचारत होती, ‘अहो, कोण आजोबा?’

ते घर एका बोळाच्या टोकाला, तळमजल्यावर. खिडक्या बंद. आत दिवा लागलेला. काकांनी बेल दाबली नाही, दारावर मूठ आपटली. आतून पावलं आली. इतकी सावकाश, की मला ओरडावंसं वाटलं. आजोबांनी दार उघडलं. एका हातात वर्तमानपत्र, एका हातात भिंग.

काका त्यांच्या बाजूने सरळ स्वयंपाकघरात घुसले.

‘जेवायला आलात का?’ आजोबांनी मला विचारलं. ‘अजून काही केलेलं नाही मी.’

मी नाकाने हवा आत ओढत होते. वास नव्हता. आतून काकांचा आवाज आला, ‘आहे. इथे आहे.’ वायसर जागेवर होता. त्यांनी तरी फेस लावला. बाहेर येऊन त्यांनी आजोबांना सगळं सांगितलं.

‘पण आता ठीक आहे ना?’

‘तुमचं ठीक आहे.’

‘मग असे पांढरेफटक का झालात? बसा. पाणी प्या.’

काका बसले. पेला तोंडाला लावला आणि न पिता खाली ठेवला.

‘उरलं एक,’ ते म्हणाले.

मी खाली बघितलं.

‘काका, खोटं मी बोलले.’

‘तू बोललीस. तू मला वाचवायला बोललीस.’ ते उठले. ‘मी का गप्प बसलो, ते मला माहीत आहे.’

सात वाजायला आले होते. रस्त्यावर गर्दी होती. प्रत्येक सिग्नल लाल लागत होता. मागून काकांचे ओठ हलत असावेत, कारण माझ्या कानाशी एक पुटपुट येत होती. देवाशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. मी विचारलंही नाही.

बाईंच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हाच वास आला. तिसऱ्यावर तो स्पष्ट होता. दाराला कुलूप.

‘बेलला हात लावू नकोस,’ काका म्हणाले. त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. ‘हा खाली घेऊन जा. तुझाही. खाली उभी राहा. बाई दिसल्या की थांबव. कोणाला जिन्यातला दिवा लावू देऊ नकोस.’

‘आणि तुम्ही?’

‘मी इथे. शेजारच्यांना बाहेर काढून खाली पाठवतो. आत फ्रीज असेल. तो मध्येच आपोआप सुरू होतो, ठिणगी उडते.’

ते त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की अर्थ मला पायऱ्या उतरताना कळला.

मी फाटकाशी उभी राहिले. वरून शेजारचं कुटुंब कुरकुरत उतरलं. मी अग्निशामक दलाचा नंबर लावत होते, तो लागत नव्हता, तेवढ्यात बाई येताना दिसल्या. हातात कागदांची गुंडाळी, दुसऱ्या हातात किल्ल्या. मी काकांना हाक मारली आणि धावत जाऊन बाईंचा हात धरला. त्यांना वाटलं, मी किल्ल्या हिसकावते आहे.

काका माझी हाक ऐकून खाली आले होते. त्यांनी एका दमात सांगितलं.

‘बाई, दुपारी तुमच्या सिलिंडरचा वायसर माझ्याकडून बसवायचा राहिला. घरात गॅस भरलाय. किल्ली द्या आणि इथेच थांबा.’

‘निघताना चहा केला तेव्हा जरा वास आला होता,’ बाई म्हणाल्या. ‘म्हटलं, नवीन काम आहे, जाईल.’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही तर तपासणी म्हणालात.’

मी त्यांचा हात सोडला.

‘ते खोटं होतं,’ काका म्हणाले.

त्यांनी किल्ली घेतली. खिळे मारलेल्या चपला फाटकाशी काढल्या आणि अनवाणी वर गेले. मी खाली थांबायला हवं होतं. मी अर्ध्या जिन्यापर्यंत गेले आणि तिथे माझे पाय थांबले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग एक खिडकी उघडल्याचा. मग दुसरी. मग एक घरघर सुरू झाली. फ्रीज. मी डोळे मिटून दोन्ही हातांनी डोकं धरलं.

काही झालं नाही.

मी डोळे उघडले तेव्हाही घरघर चालूच होती.

किती वेळ गेला माहीत नाही. काका दारात आले. ‘बाहेरचा वारा लागू दे अर्धा तास,’ म्हणाले. तारेवरचा वायसर त्यांनी अंधारात चाचपडत बसवला होता. वास पूर्ण गेल्यावर त्यांनी दिवा लावायला सांगितला, आणि मग फेस लावला. बाईंना बोलावून दाखवला. बाई बघून परत जिन्यात येऊन बसल्या. कागदांची गुंडाळी त्यांनी गुडघ्यांवर ठेवली.

‘मी घरात शिरले की आधी दिवाच लावते,’ त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. ‘मघाशीच खरं सांगितलं असतंत तर मी थांबले नसते का? माणूस आहे मी. दोन मिनिटं थांबले नसते?’

‘थांबला असतात,’ काका म्हणाले. ‘आमचं चुकलं.’

घाई होती, मालकांचा फोन होता, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्यांच्याबरोबर एजन्सीत गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. काकांनी तक्रारींची वही उघडली आणि उभ्यानेच लिहायला लागले. शेजारचा एक फिटर डोकावला.

‘आमेन, तुमचं बरं असतं. देवाला सांगितलं की सुटलात. आम्हाला बायकोला सांगावं लागतं.’

‘सांगितल्याने वायसर बसत नाही,’ काका लिहिता लिहिता म्हणाले.

मालकांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं.

‘शिंप्याचा फोन नाही. बाईंचा नाही. कोणाचाच नाही. मग हे कशाला?’

‘घडलं म्हणून.’

‘आणि हे काय? “मालकांनी फेस राहू द्या म्हटले, मी राहू दिला.” महिनाअखेरीला कंपनीचे साहेब ही वही बघतात. माहीत आहे ना?’

‘माहीत आहे.’

मालक आवाज खाली आणून बोलले. मला वाटतं, त्या क्षणी ते वाईट माणूस नव्हते. ‘हे बघ. ती एक ओळ खोड. बाकीचं राहू दे. तुझं कार्ड तुझ्याकडे राहील. मी तरी तुला का घालवू? तुझ्यासारखा फिटर मला मिळणार नाही.’

मी काकांकडे बघत होते. खोडा, मनात म्हणत होते. एक ओळ. काकू घरी वाट बघते आहे.

काकांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. त्यांना सोपं जात होतं असं कोणी समजू नये.

‘तुम्ही सांगितलंत, ते तुमचं,’ ते म्हणाले. ‘मी ऐकलं, ते माझं. एक खोडलं तर दुसरं खोटं होतं. उद्या घाईत असलेला दुसरा कोणी हे पान वाचेल, मालक. फेस लावेल.’

‘मग कार्ड ठेव.’

त्यांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

बाहेर आल्यावर मी ते पान आठवत होते. त्यात एक ओळ होती. ‘दुसऱ्या घरी तपासणी असल्याचे खोटे सांगितले गेले. मी दुरुस्त केले नाही.’ कोणी सांगितलं, ते लिहिलेलं नव्हतं.

‘माझं का नाही लिहिलंत?’

‘तुझं तू लिही,’ काका म्हणाले.

घरी काकू कडाडली. ‘खरं बोललात, छान केलंत! आता ताटात काय वाढू, खरेपणा?’ दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी म्हणालं, ‘काम सुटलं म्हणे तुमच्या ह्यांचं?’ तेव्हा काकू थांबली, वळली आणि म्हणाली, ‘सुटलं नाही. ठेवून आलेत.’ हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पदराने डोळे पुसले.

याला तीन आठवडे झाले. कंपनीचे साहेब परवा येऊन गेले. वही घेऊन गेले. पुढे काय होणार, मालकांनाही माहीत नाही, काकांनाही नाही. शेजारीपाजारी नळ गळतो म्हणून त्यांना बोलावतात. पाण्याच्या नळाला कार्ड लागत नाही.

मला जिन्यांत शिरलं की वास येतो. नसतो, तरी येतो. मी थांबते, दोनदा श्वास घेते, मग वर जाते.

संध्याकाळी साडेपाचला काका अजून टेबलाशी बसतात. डबी आणि तार समोर ठेवतात. दोन्ही रिकामी. काकू आता चहा समोर ठेवून बसते. मग दोघं डोळे मिटतात. मी दारात उभी असले, तर त्यांची प्रार्थना संपून डोळे उघडेपर्यंत थांबते.